भाग्यावरचा एक ठिपका

३ डिसेंबर २०१८, सोमवार. सकाळी सात वाजून दहा मिनिटे.

आरशासमोर उभा राहून शर्टाचे वरचे बटण लावत होतो. लावले, काढले, पुन्हा लावले. लावले तर मी पोस्टातला कारकून दिसतो आणि काढले तर पोस्टातून काढून टाकलेला कारकून, असे नागीसानचे म्हणणे आहे. नागीसान माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, पण दुकानात एक वर्षाने मोठी, म्हणून मी तिला अहो-जाहो करतो. वहीत तेवढे जमत नाही. ती मला लहान मुलाला हाक मारावी तसे सुए-चान म्हणते. माझे नाव सुएनागा तामोत्सु आहे, आडनाव आधी, हे तिला माहीत आहे.

शेवटी बटण लावूनच निघालो. आमच्या 'मिनोमुशी' दुकानात विकणाऱ्याला दुकानाचेच कपडे घालावे लागतात, तेही चालू हंगामातले, आणि स्वतःच्या पैशाने. आम्हाला चाळीस टक्के सवलत आहे. दोन महिन्यांत मी इतकी सवलत घेतली की नूडल्सवर अंडे घालणे बंद केले आहे.

दुपारी दुकानात एक बाई निळा कोट अंगात घालून विचारत होत्या, यात मी बारीक दिसते का. मी नीट पाहिले आणि म्हटले, कोट बारीक दिसतो. बाई हसत हसत गेल्या, कोट राहिला. आमच्या मॅनेजर त्सुगावासान म्हणाल्या की हे ओसाका आहे, इथे लोकांना वाटते तू विनोद करतोस, हे तुझे नशीब समज. मी विनोद करत नव्हतो.

६ डिसेंबर, गुरुवार

मालक वरच्या मजल्यावरून खाली आले. इसोगाईसान सत्तरीचे आहेत. दुकानातला प्रत्येक कपडा तेच बेततात, आणि ते खाली आले की आम्ही तिघेही सरळ असलेले हँगर पुन्हा सरळ करू लागतो.

ते नव्या वर्षाच्या भाग्याच्या पिशव्यांविषयी बोलले. दर २ जानेवारीला बाजारगल्लीतले प्रत्येक दुकान या पिशव्या विकते. तोंड शिवलेले, आत काय आहे ते सांगायचे नाही, पण माल किमतीच्या तिप्पट. आमच्या यंदा एकशे वीस, प्रत्येकी पाच हजार येन.

मग म्हणाले, "त्या दिवशी सगळ्या गेल्या तर या दुकानाला तीन माणसं परवडतील. एक जरी उरली तर दोन."

त्यांनी कोणाकडे पाहिले नाही. पाहायची गरज नव्हती. त्सुगावासान अकरा वर्षे आहेत. नागीसान एका दुपारी सहा कोट विकते. माझ्या तात्पुरत्या नोकरीची मुदत १५ जानेवारीला संपते. गावी, वाकायामात, आईने शेजाऱ्यांना सांगून टाकले आहे की तामोत्सु फॅशनमध्ये आहे.

१० डिसेंबर, सोमवार

पिशव्या रंगाऱ्याकडून आल्या. जाड पांढरे सुती कापड, शिलाई चांगली, दोऱ्या मजबूत. मधोमध मालकांनी स्वतः कुंचल्याने लिहिलेले 'भाग्य', आमच्या चित्रलिपीतले एकच अक्षर, निळ्या रंगात, वीतभर उंच.

अक्षर चुकले आहे.

'भाग्य'च्या डाव्या बाजूला देवाचे चिन्ह असते. त्याला उजवीकडे एक ठिपका जास्त दिला की ते देवाचे राहत नाही, कपड्याचे होते. मालकांनी ठिपका दिला आहे. भाग्यातून देव गेला आणि विजार आली.

मी शाळा मध्येच सोडली, म्हणून कोशाशिवाय माझा माझ्यावर विश्वास नाही. घरी येऊन कोश तीनदा पाहिला. पान ८१२. ठिपका नाही.

जन्मभर कपडे शिवल्यावर हात आपोआप त्या बाजूला वळला असेल. मला त्यांचे समजते. पण नव्या वर्षाच्या पहिल्या खरेदीला चुकलेले भाग्य घरी कोण नेईल?

११ डिसेंबर, मंगळवार

मालकांना सांगणे शक्य नाही. सत्तर वर्षांच्या माणसाला भाग्य लिहिता येत नाही असे तोंडावर सांगणारा मी कोण? म्हणून त्सुगावासानना आडून विचारले की अक्षराची डावी बाजू तुम्ही पाहिलीत का.

त्यांनी आधी जिन्याकडे पाहिले, मग आवाज खाली आणला. "तुझ्या लक्षात आलं? शाब्बास. नागीच्या अजून आलेलं नाही. आता कोणाला बोलू नकोस हं. त्यांचा हिरमोड होईल. महिनाभर बसले होते त्या ठिपक्यावर."

एका अक्षरावर महिना, आणि तरीही चूक. मला गलबलून आले. त्सुगावासानचेही कौतुक वाटले. अकरा वर्षे काम केल्याशिवाय मालकाची चूक इतक्या मायेने झाकता येत नाही. पण नुसते गप्प राहून भागणार नाही. गिऱ्हाईक गप्प राहत नाही.

उपाय सुचला आहे. तसेच पांढरे सुती कापड एक मीटर घेतले, ५४० येन. एक येनच्या नाण्याएवढे गोल कापायचे, ठिपक्यावर ठेवायचे, कडा आत मुडपून शिवायचे. एका पिशवीला सहा मिनिटे. जेवणाच्या सुट्टीत न जेवल्यास आठ होतात. आज आठ झाल्या.

१४ डिसेंबर, शुक्रवार

एकूण चोवीस. कोठाराचे दार आतून लावून बसतो. टाके बारीक घालावे लागतात, नाहीतर लांबून दिसतील. सुईकाम मला शाळेत आले तेवढेच आले, पण ते पूर्ण आले.

बाहेर आलो तर खोक्यावर एक ओनिगिरी, भाताचा गोळा, ठेवलेला, आत खारवलेले आलुबुखार. नागीसान म्हणाली, जास्त झाला होता. कालही तिला एक जास्त झाला होता. भात मोजून लावायला हवा, असे तिला सांगितले. ती म्हणाली, बरं.

१८ डिसेंबर, मंगळवार

छप्पन्न. पकडला गेलो.

नागीसानने दार ठोठावले आणि विचारले की आत रडतोयस का, रडत असशील तर मी जाते. मी म्हटले शिवतोय. मग तिला आत घ्यावेच लागले. तिने पिशवी उलटून पाहिली, सुलटून पाहिली, आणि ठिपका कुठला जास्त तेच तिला कळेना. कोशातले पान दाखवले.

"म्हणजे मालकांची चूक तू चोरून सुधारतोयस."

"हो."

"आणि त्यांना कळलंच नाही, तर तुला त्याचं काय मिळणार?"

मी म्हटले की कळू नये यासाठीच तर चालले आहे. ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. माझ्या वरच्या बटणाकडे पाहत असावी.

२० डिसेंबर, गुरुवार

चौसष्ट. नागीसानने विचारले की चोवीस तारखेला, नाताळच्या आदल्या संध्याकाळी, तुझे काय ठरले आहे. हिशेब करून सांगितले: त्या दिवशी शहाण्णव व्हायला हव्यात.

 आज ओनिगिरी नव्हता. भात मोजून लावला असावा.

२४ डिसेंबर, सोमवार

ही संध्याकाळ इथे जोडप्यांची असते; गल्लीत आज फक्त जोडपी. दोघांनी एकसारखी जाकिटे घ्यायची पद्धत चांगली आहे, विक्री दुप्पट होते.

दुकान सुटल्यावर नागीसान कोठारात आली. अंगात नवा हिरवा झगा होता, आमच्या दुकानाचा नव्हता, त्यामुळे तिला नियमाची आठवण दिली. ती म्हणाली की दुकान बंद झाले आहे आणि तू गप्प बस. तिने केकचे दोन तुकडे आणले होते. मलई कापडापासून दूर ठेवावी लागली. मग तिने कात्री घेतली आणि नाणे ठेवून गोल कापत बसली. मी शिवत राहिलो. दोघे असल्यामुळे काम फार वेगाने झाले, एकशे दोनपर्यंत पोचलो. हे तिला सांगितले, तेव्हा ती म्हणाली की अशी संध्याकाळ तिच्या आयुष्यात पहिलीच. तिला सुईकामाची आवड आहे हे मला माहीत नव्हते.

२७ डिसेंबर, गुरुवार

एकशे वीस. शेवटचा टाका दुपारी एक वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी. उद्या माल भरायचा आणि तोंडे शिवायची. मालक वर वसंतातले कपडे बेतत आहेत, खाली फिरकले नाहीत. भाग्य आता शुद्ध आहे.

२९ डिसेंबर, शनिवार



सकाळी दुकानाचे शटर उघडताना फटीत आजचे वर्तमानपत्र होते आणि वर्तमानपत्रात आमच्या दुकानाची जाहिरात घातलेली होती. मालकांच्याच अक्षरात. उतरवून घेतो:

'यंदा मिनोमुशीच्या भाग्यावर एक ठिपका जास्त आहे. देव तुमच्या घरी आहेतच. कपडे आम्ही देतो. पिशवीवरचा जास्तीचा ठिपका शोधून गल्ल्यावर दाखवा, मोजे मोफत.'

चार वेळा वाचले. चार हजार प्रती वाटल्या गेल्या आहेत.

कोठारात जाऊन उसवायला बसलो. टाके निघेनात. इतके बारीक टाके घालणाऱ्याचा राग आला. चाळीस मिनिटांत दोनच ठिगळे निघाली, आणि तिसऱ्या पिशवीला ठिपक्याजवळ ठिगळासकट बोटभर भोक पडले. ती दोनही पुन्हा शिवून टाकली, कारण ठिपक्याभोवती सुईची भोके दिसत होती आणि मला ती पाहवेनात.

त्सुगावासान आल्यावर सांगितले. त्या खोक्यावर बसल्या.

"कोणाला बोलू नकोस म्हटलं होतं मी."

"मी कोणाला बोललो नाही." मग आठवले की नागीसानला बोललो, तेही सांगितले.

"बोलू नकोस म्हटलं, तर तू शिवत बसलास." त्यांनी तोंडावर रुमाल धरला. खांदे हलत होते. त्यांना रडवले याचे फार वाईट वाटले. रुमालातूनच त्यांनी जिन्याकडे बोट केले.

वर गेलो. मालक इस्त्री करत होते. मी सगळे क्रमाने सांगितले: तारखा, कोशाचे पान, कापडाची किंमत. त्यांनी इस्त्री उभी केली, चष्मा लावला आणि माझ्या हातातली पिशवी घेऊन खिडकीशी नेली. ठिगळावरून अंगठा फिरवला. एकदा, मग उलट दिशेने.

"किती?"

"एकशे वीस."

"मला चुकलंय असं वाटलं तुला. मग मला सांगायला काय झालं होतं? मी चावतो?"

मी म्हटले, तुमचे अक्षर होते.

"अक्षर माझं होतं, तोंड तुझं होतं." त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. "दोन तारखेला दारात उभा राहा. येईल त्या प्रत्येकाला तूच सांग, ठिपका कुठे गेला ते. मी नाही सांगणार, त्सुगावा नाही सांगणार. नागीनं तोंड उघडलं तर तिलाही तुझ्याबरोबर काढीन."

म्हणजे काढायचे ठरले आहे.

२ जानेवारी २०१९, बुधवार

दहा वाजता शटर वर गेले. बाहेर तीसेक माणसे, प्रत्येकाच्या हातात जाहिरात. मी स्टुलावर उभा राहिलो. वाक्ये रात्रीच लिहून पाठ केली होती. आधी कमरेत वाकलो, मग म्हटले की पिशवीवर ठिपका आहे, मला ती चूक वाटली, म्हणून प्रत्येक ठिपक्यावर मी कापड शिवले, ठिपका खाली सुखरूप आहे, मी दिलगीर आहे. पुन्हा वाकलो.

 पुढे लोणच्याच्या दुकानाच्या कुसुमोतोबाई होत्या. पंचाहत्तरीच्या, केसांना जांभळा रंग. त्यांनी मान वर करून विचारले, "सगळ्या पिशव्यांवर?"

"सगळ्या. एकशे वीस."

"दादा, तुला कोणी मित्र नाहीत का रे?"

मी सांगितले की एक आहे, पण तो नागोयात असतो.

सगळी रांग हसली. मागच्यांना ऐकू आले नव्हते, म्हणून ते काय झाले, काय झाले विचारू लागले, आणि मला पहिल्यापासून पुन्हा सांगावे लागले. मग आणखी मागच्यांना. कुसुमोतोबाई गल्ल्याशी भांडत होत्या की ठिपका दाखवल्याशिवाय मोजे नाहीत आणि ठिपका तर याने पुरून ठेवलाय. तेव्हा नागीसानने शिलाई उसवायचे हत्यार दोरीने गल्ल्याला बांधले आणि म्हणाली, "उसवा, दाखवा, मोजे घ्या. जपून, यानं शिवलंय."

ती माझी अब्रू घालवते आहे असे मला वाटले. पण लोक पिशवी घ्यायचे आणि तिथेच उसवायला बसायचे. बाकीचे भोवती उभे राहून मिनिटे मोजायचे. एका गृहस्थांना अकरा मिनिटे लागली. ते म्हणाले, आमच्या हिचा राग याच्या आधी निघतो. त्यांच्या हिने लगेच दुसरी पिशवी घेतली आणि चार मिनिटांत उसवून दाखवली. मग गल्लीतली दुसऱ्या दुकानांची गिऱ्हाइके आली. त्यांनाही सांगितले. कुसुमोतोबाई घरी जाऊन उसवते म्हणून आपली पिशवी घेऊन गेल्या. दुपारपर्यंत माझा आवाज बसला. लोक म्हणायचे, तूच का तो? आणि मी म्हणायचो, होय, मीच.

चार वाजता एकशे एकोणीस गेल्या होत्या. एक उरली, फाटकी. ती मी फाटकी म्हणूनच दाखवत होतो, कशी फाटली तेही सांगत होतो. सहा जणांना दाखवली, कोणी घेतली नाही. मी स्वतः घेतो म्हटले, तर त्सुगावासान म्हणाल्या की दुकानातल्यांनी घेतलेली धरत नाहीत, मालकांचा नियम आहे. नागीसान म्हणाली की ती तिच्या मावशीला आत्ता फोन करते. मी म्हटले की मावशीलाही फाटकी आहे असे सांगावे लागेल. तिने फोन ठेवला आणि मला एक शब्द म्हणाली. तो कोशात नाही.

आठला वीस मिनिटे असताना कुसुमोतोबाई परत आल्या, ठिगळ जसेच्या तसे. दिवसभर घरातली पाच माणसे लागली होती म्हणे, सून आणि जावयासकट, आणि आता घरात कोणी कोणाशी बोलत नाही. तेवढ्यात त्यांची नजर फाटक्या पिशवीकडे गेली.

"ही कोणासाठी ठेवलीस?"

"कोणासाठी नाही. फाटली आहे. मीच फाडली."

"ठिपका दिसतोय की हिच्यातून."

मी पाहिले. भोकातून अर्धा दिसत होता. हे मात्र माझ्या लक्षात आले नव्हते. तरीही पिशवी फाटकीच आहे, आणि पुढे आणखी फाटू शकते, हे त्यांना सांगणे भाग होते.

"अरे दादा, तू दुकानात विकायला उभा आहेस की राखणीला?" त्यांनी पाच हजारांची नोट गल्ल्यावर आपटली. "मोजे काढ."

मालक जिन्यात उभे होते. केव्हापासून ते माहीत नाही. रिकाम्या मांडणीकडे पाहून म्हणाले, "तीन माणसं," आणि वर गेले. त्सुगावासाननी पुन्हा तोंडाला रुमाल लावला. हल्ली त्यांना फार लवकर रडू येते.

४ जानेवारी, शुक्रवार

मालकांनी वर बोलावले. कायम नोकरीचा करार त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला होता, खाली शिक्काही मारलेला. मी सहीच्या जागी मारायचा माझा शिक्का काढला, आणि मारण्याआधी सवयीने सगळे वाचले.

माझे नाव चुकले होते.

सुएनागा या माझ्या आडनावाच्या पहिल्या अक्षरात दोन आडव्या रेघा असतात. वरची लांब असली की त्याचा अर्थ 'अखेर', आणि पूर्ण आडनाव होते 'अखेरपर्यंत दीर्घ'. वरची आखूड झाली की तेच अक्षर 'अजून नाही' होते. करारावर वरची रेघ आखूड होती. कायम नोकरीच्या कागदावर माझे नाव होते 'अजून दीर्घ नाही'.

शिक्का हातात धरून किती वेळ बसलो ते पाहायचे राहून गेले. हाही विनोद असेल आणि मी पुन्हा सुधारायला गेलो, तर या वेळी तीन माणसे परवडतील की नाही कोण जाणे. चूक असेल आणि मी गप्प बसलो, तर हे नाव जन्मभर फाइलमध्ये राहील. घरी नेऊन आपणच रेघ वाढवावी असेही मनात आले. पण तीच शाई फक्त मालकांच्या दौतीत होती.

मग मी म्हटले, "मालक, माझ्या नावातली वरची रेघ आखूड आहे. ही मुद्दाम आहे की चूक?"

त्यांनी चष्मा लावला. कागद खिडकीशी नेला. बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. त्यांचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते.

"मुद्दाम," ते म्हणाले.

मग टेबलाशी आले, कुंचला दौतीत बुडवला, आणि वरची रेघ दोन्ही बाजूंनी वाढवली. जरा जास्तच वाढवली, ती शेजारच्या अक्षराला टेकली. म्हणाले, "बघतोस काय? शिक्का मार. आणि पुढच्या वर्षीचं अक्षर रंगाऱ्याकडे जायच्या आधी तुला दाखवीन."

मारला. मुद्दाम होते तर त्यांनी ते बदलले का, हे मला अजून समजलेले नाही. नागीसानला विचारले, तर ती हसत सुटली आणि म्हणाली की तू मला अहो म्हणणं बंद केलंस तर सांगेन. प्रयत्न केला. पहिल्यांदा जमले नाही. उद्या पुन्हा करणार आहे.

खर्च आणि देणे, ४ जानेवारीअखेर:
पांढरे सुती कापड, एक मीटर: ५४० येन.
पांढरा दोरा, दोन रिळे: ४३२ येन.
सुया, मोडलेल्या धरून: २१६ येन.
कायम झाल्यामुळे वसंत हंगामाचा कोट घ्यावा लागला, सवलतीनंतर: ११,८८० येन. दिले: ३,९६०. देणे: ७,९२०, मार्चपर्यंत.
नागीने यंत्रातून गरम चहाचा डबा घेऊन दिला: १३० येन. देणे. पैसे पुढे केले, घेत नाही. तीनदा विचारले.